हातमोज्यांचे वाटे

आम्ही दोघी एकाच दिवशी कोरपन्याजवळच्या एका सिमेंट कारखान्यात लागलो. पगार सारखा आणि टेबलही एकच, समोरासमोर. दोघींची नेमणूक वर्षाच्या करारावर होती. वर्ष संपलं की दोघींपैकी एकीला कायम करणार, हे साहेबांनी पहिल्याच दिवशी चहा पिता पिता सांगितलं, आणि सांगताना ते तिच्याकडे बघत होते. कदाचित भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असतील. ती घड्याळाखाली बसली होती. पण मी तेव्हाच ठरवून टाकलं की ते तिच्याकडेच बघत होते.

खोलीही आम्ही दोघींनी मिळूनच घेतली, कारण एकटीला भाडं परवडत नव्हतं. त्यामुळे मला तिचा हेवा करायला कारखान्यात आठ तास मिळायचे आणि उरलेला वेळ घरी.

ती पोंभुर्ण्याकडची. तिच्या घरचे तलावात मासे धरतात आणि थोडा धान करतात. माझ्यासारखीच ती कॉमर्स शिकलेली, गुण जवळजवळ सारखे. पण गेटवरचा सुरक्षारक्षक माझं ओळखपत्र रोज उलटसुलट करून बघायचा आणि तिला म्हणायचा, "या बाई, आज उशीर?" कँटीनमध्ये तिच्या ताटात भाजी दुसऱ्यांदा पडायची, न मागता. कोणाच्या पोरीचं लग्न ठरलं, कोणाच्या म्हशीला काय झालं, हे तिला ठाऊक असायचं. मला भारतीय कामगार चळवळीचा इतिहास ठाऊक होता. तो मला कोणी विचारत नसे.

माझं घर चंद्रपूरला. वडील छापखान्यात कंपोझिंग करायचे आणि संध्याकाळी चळवळीची पत्रकं लिहायचे. खाणकामगारांची, तेंदूपानवाल्यांची, वीज केंद्रातल्या ठेकेदारी मजुरांची. माझ्या शाळेच्या पुस्तकांना पत्रकांचीच कव्हरं असायची. 'शोषण' हा शब्द मी 'शेळी'च्या आधी लिहायला शिकले. आमच्या घरी कोणाला काही सांगायचं झालं तर ते आधी मथळ्यासारखं सांगितलं जायचं. पोळ्या संपल्या तरी आई म्हणायची, "पोळ्यांचा साठा संपला, जबाबदार कोण?" आणि वडील हसत हात वर करायचे.

अशी मी, आणि कारखान्यात माझ्या वाट्याला काय आलं? झाडू, साबण, हातमोजे, प्रिंटरचे कागद, ताडपत्र्या, भाड्याच्या गाड्या.

कारखान्यात दोन प्रकारची खरेदी असते. चुनखडी, कोळसा, जिप्सम ही सिमेंटमध्ये जाते. तिच्यावर मोठ्या साहेबांची नजर असते, एका रुपयाच्या फरकासाठी मुंबईहून फोन येतात. दुसरी खरेदी सिमेंटमध्ये जात नाही, पण तिच्याशिवाय सिमेंट होतही नाही. पॅकिंगवाल्याच्या हातात मोजा नसेल तर गोणी उचलली जात नाही. ही दुसरी खरेदी कोणी बघत नाही. प्रत्येक सेक्शन आपापलं मागवतो, आपापल्या दुकानदाराकडून, आणि चिठ्ठीवर 'अर्जंट' लिहितो. अर्जंट लिहिलं की भाव विचारायचा नसतो. वर्षभर कारखान्यात सगळंच अर्जंट असायचं, झाडूसुद्धा.

ही गळती थांबवायची, हे आम्हा दोघींचं काम. आणि गळती कुठे आहे हे मी शोधलं. हे मी ठासून सांगते, कारण नंतर ते कोणी सांगितलं नाही. स्टोअरमध्ये एक दुपार मी मांडणीपुढे उभी राहून बघत होते. एका खणावर 'हातमोजे' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'हँडग्लोज', तिसऱ्यावर 'सेफ्टी ग्लोज पॅकिंग'. मी तिन्हींतला एकेक काढून हातात घातला. शिवण तीच, कापड तेच, आतल्या अस्तराचा वासही तोच. कारखाना एकच मोजा तीन नावांनी, तीन दुकानांतून, तीन भावांनी घेत होता. मी पळत साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "शाबास. आता सगळ्या सेक्शनला कळवा की यापुढे मागणी एकत्र करून, वर्षाचा भाव ठरवून, एकाच ठिकाणाहून घ्यायचं. तुम्ही लिहिता चांगलं. नोटीस लिहा."

लिहायला सांगितलं, आणि मी लिहिलं. वडिलांची मुलगी लिहील तसंच लिहिलं.

"कामगार बंधू-भगिनींनो! तुमच्या हातांच्या नावावर कोणाची पोटं भरत आहेत? एक हात, एक मोजा, एक भाव! जागे व्हा, एक व्हा!" खाली खरेदीची नवी पद्धत सोप्या भाषेत. कँटीनच्या बाहेरच्या फळ्यावर मी ती स्वतः चिकटवली.

सकाळची पाळी आत शिरण्याऐवजी फळ्यापाशी थांबली. मग गेटपाशी थांबली. वर 'एक व्हा' लिहिलं होतं, खालचं बारीक कोणी वाचलंच नाही. अर्ध्या लोकांना वाटलं संप आहे. युनियनचे भाऊ मोटरसायकलवरून आले आणि त्यांनी विचारलं, "हे पत्रक आमच्याबिगर काढलं कोणी? फूट पाडून राह्यलं कोण?" तोवर एकाने घोषणाही देऊन टाकली होती. भट्टीवरची रात्रपाळी सुटायची थांबली, कारण बदली आत येत नव्हती.

ती गर्दीतून वाट काढत फळ्याजवळ गेली, कोपऱ्यातून नखाने कागद सोडवला, घडी केली आणि म्हणाली, "अवो भाऊ, मोज्याची नोटीस आहे. साबणाची पण येईल उद्या. त्याच्यासाठी पण संप करता का?"

लोक हसले आणि आत गेले. माझ्याकडे बघून हसले की तिच्या बोलण्यावर, ते मला कळलं नाही. दोन्ही सारखंच लागलं. ती नोटीस आजही मला चांगलीच वाटते. मजकुरात चूक नव्हती. पण कारखान्यातला माणूस त्या भाषेला कशाची भाषा समजतो, ते मला कळलं नव्हतं आणि तिला आपोआप कळत होतं. याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

साहेबांनी सगळ्या फोरमनची बैठक घेतली. पॅकिंगचे फोरमन भाऊ, जाडजूड, मिशीवाले, पहिल्याच वाक्याला उठले.

"साहेब, आमच्या सेक्शनचं वेगळं असते. दुसऱ्याचा मोजा आमच्या पोरांच्या हातात दोन दिवस टिकत नाई. आमचा दुकानदार चांगला माल देते."

भट्टीवाले म्हणाले, "आणि आमचा हात भाजते त्याचं काय?"

वर्कशॉपवाले म्हणाले, त्यांचं तर त्याहून वेगळं. सगळ्यांचंच वेगळं. मी उभी राहून सांगितलं की तिन्ही मोजे एकच आहेत, मी घालून बघितलेत. पॅकिंगवाले भाऊ म्हणाले, "बाई, तुम्ही घालून बघितले. गोणी किती उचलल्या?"

खोली हसली. मी बसले. तेव्हा ती म्हणाली, "साहेब, आमच्या गावात तलावाचे मासे वाटतात तसं करून पाहू का?"

साहेबांनी विचारलं कसं. तिने सांगितलं. उन्हाळ्यात तलावात सगळं गाव मिळून जाळं ओढतं. मासे काठावर ओततात आणि त्यांचे सारखे वाटे पाडतात. एक जण वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका ढिगाकडे बोट दाखवतो आणि विचारतो, हा कोणाचा? पाठमोरा माणूस एका घराचं नाव घेतो. कोणता वाटा कसा दिसतो ते त्याला दिसत नसतं, म्हणून मोठा मासा कोणाकडे गेला यावरून भांडण होत नाही.

"इथी पण तेच करू," ती म्हणाली. "चार दुकानांचे मोजे आणू. दुकानाची चिठ्ठी कापून टाकू आणि मनगटाशी धागा शिवू. एका दुकानाचा लाल, एकाचा हिरवा, एकाचा पिवळा, एकाचा निळा. कोणता धागा कोणाचा, ते एकाच माणसाले माहीत. बाकी कोणालेच नाई, मलेबी नाई. सगळ्या सेक्शननं सगळे मोजे वापरायचे. फाटले की परत आणायचे. मग ढीग पाहून तुम्हीच बोला."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. इतक्या दिवसांत त्यांनी टेबलावर थाप मारलेली मी पहिल्यांदा बघितली. माझ्या शोधाला शाबासकी मिळाली होती आणि तिच्या माशांना थाप.

"आणि माहीत कोणाला असणार?" साहेबांनी विचारलं.

तिने माझ्याकडे बोट केलं.

चार दुकानांचे मोजे आले त्या संध्याकाळी स्टोअरमध्ये बसून मी चार रंगांचे धागे शिवले. दार आतून लावलं होतं. बोटं सुईने भोकं पडून दुखत होती आणि मी मनात तिला शिव्या देत होते. कल्पना तिची, नाव तिचं आणि शिवणकाम माझं. हेच जर एखाद्या कारखान्यात मजुराच्या बाबतीत होताना बघितलं असतं तर वडिलांनी त्यावर पत्रक काढलं असतं. मी फोनवर त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुला तिचा हेवा वाटतो की अन्याय होतोय?" मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, "मग आधी कोणतं ते ठरव, माय. पत्रक दोन विषयांचं निघत नाही."

मी फोन ठेवला. त्यांना सगळं सोपं वाटतं.

मोजे सेक्शनमध्ये गेले. पहिले काही दिवस लोक चेष्टा करायचे, जेवताना एकमेकांचे रंग विचारायचे. "तुले लाल मिळाला का बे? लाल म्हणजे साहेबाचा." मग चेष्टा थांबली आणि फाटलेले मोजे परत येऊ लागले. मी स्टोअरच्या ओट्यावर रंगांचे ढीग लावायचे. कोणता ढीग वाढतोय ते सगळ्यांना दिसायचं. तो ढीग कोणाचा आहे, हे कारखान्यात मला एकटीला ठाऊक होतं.

हिरवा ढीग वाढत होता. हिरवा धागा पॅकिंगवाल्या भाऊंच्या दुकानदाराचा होता.

भाऊंना ते माहीत नव्हतं, पण शंका आली असावी. एका सकाळी सायकल स्टँडपाशी ते मला भेटले. मी कुलूप काढत होते.

"बाई, एक विचारू का? राग नाई मानायचा."

"विचारा, भाऊ."

"हिरवा कोणाचा आहे?"

मी कुलपात किल्ली फिरवत राहिले.

"मी कोणाले सांगत नाई. फक्त मले कळू द्या. म्हणजे मी पोरायले सांगतो, जरा सांभाळून वापरा." मग ते जवळ आले, आवाज खाली. "हे पाहा, तुमची मैत्रीण साहेबांची लाडकी होऊन राह्यली. सगळा प्लांट पाहून राह्यला. जागा एकच आहे ना? तिचा हा खेळ फसला तर जागा कोणाची, तुम्हीच सांगा. मी बोलतो साहेबांशी, मोज्याचं सगळ्यात आधी कोणी सांगितलं ते. तुम्हीच सांगितलं ना?"

कारखान्यात पहिल्यांदाच कोणीतरी ते बोललं होतं. मी सांगितलं होतं. माझ्या कानाला ते वाक्य इतकं गोड लागलं की मी कुलूप हातात धरून तशीच उभी राहिले. मला फक्त एका दुकानाचं नाव घ्यायचं होतं. भाऊंनी पोरांना सांभाळून वापरायला सांगितलं असतं, हिरवा ढीग थांबला असता आणि सगळे रंग सारखे दिसले असते. मग सगळे म्हणाले असते, बघा, काही फरक नाही, ज्याला जो आवडेल तो घेऊ द्या. तिची वाट्यांची पद्धत मोडली असती. जागा माझी.

मला ती जागा हवी होती. हे मी अजिबात झाकत नाही. कायमची नोकरी, कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर, वडिलांच्या दम्याला कारखान्याचा दवाखाना. आणि त्याहून जास्त, ती हरलेली बघायची होती. तिने घरी जाताना बॅग भरावी, मी दारात उभी राहून 'पत्र पाठव' म्हणावं, असं मी कितीदा मनात रंगवलं होतं.

"भाऊ, सांगता येणार नाही," मी म्हटलं.

"काऊन? तुमचं काय जाते?"

"माझंच जातं."

भाऊ हसले. "जळता तिच्यावर आणि काम तिचंच करता. अजब बाई आहे."

भाऊंना दिलेलं उत्तर माझं मलाच पटलं नाही. दिवसभर मी स्वतःवर चिडून होते. ज्या घरात वाढले तिथे एक गोष्ट घट्ट शिकवलेली: मोजणाऱ्याने मापात हात घालायचा नाही. तेंदूपानाच्या फडावरची मोजणी असो की धानाचं वजन, ज्याच्या हातात माप त्याने आपलं पोट बाजूला ठेवायचं. यावर वडिलांची कितीतरी पत्रकं होती आणि मी त्यांची घडी घालत मोठी झाले. आता ती पत्रकं तिच्या बाजूने उभी होती. मला वाटलं, निदान घरच्या गोष्टींनी तरी माझी बाजू घ्यायला हवी होती.

महिना संपल्यावर सगळे फोरमन ओट्यावर आले. साहेब, युनियनचे भाऊ, सगळे. चार ढीग. ती गावच्या रीतीने ढिगांकडे पाठ करून उभी राहिली, हात मागे बांधून. मी एकेका ढिगाकडे बोट दाखवायचं आणि फोरमननी बोलायचं.

लाल टिकला होता. पॅकिंगवाले, वर्कशॉपवाले, दोघेही म्हणाले, लाल. भट्टीवाल्यांनी निळा उचलला, जाड, शिवण दुहेरी. ते म्हणाले, बाकीचे गरम लोखंडाला चिकटतात, आम्हाला हाच. तेव्हा साहेबांनी माझ्याकडे बघितलं. 'एक हात, एक मोजा' माझं वाक्य होतं, आणि भट्टीवाल्यांचं खरंच वेगळं होतं. मोजे दोन लागणार होते. मी मान खाली घातली.

पिवळा कोणी मागितला नाही. "आणि हिरवा?" मी विचारलं.

"हिरवा फेका," पॅकिंगवाले भाऊ म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थबकले. "आमचा आहे का?"

"तुमचा," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. भाऊंनी एक हिरवा मोजा उचलला, बोटाच्या भोकातून आपलं बोट बाहेर काढून बघितलं आणि म्हणाले, "दिवाळीची मिठाई मात्र चांगली देत होता तो. ठेवा लाल, साहेब. आणि हे लिहून घ्या, मी या बाईंना विचारलं होतं. त्यांनी सांगितलं नाई."

मग लोक हसले. लाल आणि निळ्याचा वर्षाचा भाव ठरला, दोन दुकानांशी. अर्जंट चिठ्ठ्यांवर आता साहेबांची सही लागायला लागली आणि त्या आपोआप कमी झाल्या. साबण, झाडू, ताडपत्र्या त्याच वाटेने जायच्या असं ठरलं.

वर्ष संपलं तेव्हा जागा तिला मिळाली. साहेबांनी मला आत बोलावून नीट सांगितलं. "शोध तुमचा होता, मला माहीत आहे. पण लोकांना बरोबर घेऊन जायची पद्धत तिची. तुमचा करार आणखी एक वर्ष वाढवतोय." मी विचारलं, शोध माझा होता हे तुम्ही बैठकीत का नाही सांगितलं? ते म्हणाले, विसरलो. खरंच विसरले असावेत. म्हणूनच तर जास्त लागलं.

संध्याकाळी खोलीवर ती घरून आलेले सुकवलेले मासे भाजत होती. स्टोव्हचा धूर, वास, सगळीकडे. मी बॅग टेकवून म्हटलं, "अभिनंदन." कोरडं.

"बस ना वं."

"नाही बसत. एक सांग. धाग्याचं गुपित मलाच का दिलं? स्टोअरवाले काका होते, साहेब होते."

ती मासा उलटवत म्हणाली, "आमच्याकडं वाट्यांवर बोट कोणी दाखवायचं, त्याचं पण ठरलेलं असते. पाठ करून जो उभा, त्याच्याशी ज्याचं जमत नाई, त्याच घरचा माणूस. जमत असला तर गाव म्हंते, दोघांनी मिळून केलं. जमत नसला तर कोणाले शंकाच येत नाई."

मला समजायला वेळ लागला.

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्या प्लांटले माहीत आहे तू माझ्यावर जळते. गेटवाल्याले माहीत आहे, कँटीनवालीले माहीत आहे. तू गप राह्यली तर कोणीच म्हणणार नाई का माझ्यासाठी गप राह्यली." तिने मासा माझ्या ताटलीत ठेवला. "आणि तू खोटं करत नाई, हे मले खोलीत राहून कळलं. तू दुधाचे पैसे पण उरलेले परत ठेवते, माझ्यावर चिडलेली असली तरी."

मला वाटलं होतं की माझा हेवा ही निदान माझी स्वतःची, खाजगी वस्तू आहे. तिने तीही कामाला लावली होती, स्टोअरच्या खणातल्या मोज्यासारखी. मी कॉलेजात असताना वर्गशत्रूवर भाषण दिलं होतं. या बाईने मला शत्रू म्हणून नेमलं होतं आणि मी पगारी काम समजून ते चोख केलं होतं.

"मी सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"तर मी आज घरी जाळं ओढत असते. भीती वाटतच होती ना वं. पण दुसरं कोण होतं?"

मी बसले. भूक लागली होती आणि मासे चांगले भाजले होते, याचाही मला राग आला. खाता खाता ती सांगत होती की पुढच्या महिन्यात भाड्याच्या गाड्या घ्यायच्या आहेत. तिथे धागा शिवता येणार नाही, गाडीवर मालकाचं नाव असतं, ड्रायव्हर सगळ्यांच्या ओळखीचे. काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. ती बोलत होती आणि मला सुचत होतं.

"मला सुचलंय," मी म्हटलं. "पण मी तुला सांगणार नाही. मी थेट साहेबांकडे जाणार, बैठकीत सगळ्यांसमोर मांडणार, आणि माझ्या नावाने."

"जा ना."

"आणि यावेळी वाटे मी पाडणार, पाठ करून मीच उभी राहणार. बोट तू दाखवायचं."

तिने काटा ताटलीच्या कडेला ठेवला आणि विचार करून म्हणाली, "पण मग मले तुझ्यावर जळावं लागेल."

"लाग कामाला," मी म्हटलं.